लोणावळ्याच्या अलीकडे

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही हिंजवडीत नोकरी करतो. शनिवार-रविवार सुटी. गेल्या जुलैत लोणावळ्याला निघालो आणि गाव यायच्या आधीच तीन तास रस्त्यावर अडकून घरी परत आलो. मग ताम्हिणीला गेलो, तर धबधब्यापाशी उभं राहायला जागा नव्हती. कासारसाईच्या काठावर बसलो, तर दोन्ही बाजूंनी गाड्यांमधली गाणी. आठवडाभर शिवाजी चौकात गर्दी आणि सुटीच्या दिवशीही गर्दीच. दोनेक तासांत पोचता येईल आणि जिथे फारसं कुणी जात नाही, अशी चांगली ठिकाणं आता खरंच उरली आहेत का? आणि तुम्ही ती छापलीत, तर पुढच्या रविवारी तिथेही हीच गत होणार नाही का?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : उरली आहेत. तुम्ही दोन तास म्हणता. त्यातलं पहिलं ठिकाण तुमच्या घरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर आहे आणि तुम्ही त्याच्या पायथ्यावरून कितीतरी वेळा गेला असाल. पण तिथे जाण्याआधी गर्दी नेमकी कशाच्या मागे जाते, ते पाहू.

आपल्याकडची सुटीची गर्दी पाण्यामागे जाते. जून लागला की धबधबा, धरणाची भिंत, ओढा, भिजणं. पाणी पडायच्या जागा मोजक्या, ते पडायचे महिने जेमतेम तीन आणि सुटीचा वार एकच. म्हणजे पुण्या-मुंबईची सगळी माणसं एकाच दिशेने, एकाच वेळी, त्याच दहा-बारा जागांवर जाऊन थांबणार. यात नुसती गैरसोय असती, तर ती सोसली असती. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच घरातली पाच माणसं पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेली. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या ओझ्याखाली कोसळला आणि चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवारच होते. म्हणून तुमचा प्रश्न मला हौसेचा वाटत नाही. तो विचारायलाच हवा होता.

ज्या जागा शांत राहिल्या आहेत तिथे बहुतेक वेळा भिजायला काही नसतं. तिथे बघायला, वाचायला आणि थांबायला असतं. त्या दूर आहेत म्हणून ओस पडलेल्या नाहीत. तिथे गेल्यावर काय करायचं, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. आज तेवढंच सांगते.

देहूरोड आणि तळेगाव यांच्या मधे, जुन्या मुंबई रस्त्याला लागून, गहुंज्याच्या क्रिकेट स्टेडियमच्या समोर एक डोंगर आहे. घोरावडेश्वर. लोकलने बेगडेवाडीनंतरचं घोरावडी हे स्टेशन त्याच्याच नावाचं. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते, सोमवारी भाविक येतात, पहाटे आसपासची मंडळी व्यायामासाठी पायऱ्या चढतात. एरवी वर तुम्ही आणि वारा. ज्याला आज आपण महादेवाचं देऊळ म्हणतो, तो मुळात बौद्ध लेण्यांचा समूह आहे; अभ्यासक त्याला शेलारवाडीची लेणी म्हणतात. मुख्य चैत्यात पूर्वी स्तूप होता, आता शिवलिंग आहे. इथल्या एका शिलालेखात दान देणाऱ्या बाईचं नाव कोरलेलं आहे : सियगुतणिका. ती धेनुकाकट गावात राहणाऱ्या उसभणकाची बायको, आणि उसभणक कोण, तर ‘हलकिय कुडुबिक’, म्हणजे नांगर धरणारा, घरदार असलेला शेतकरी. आपल्या मुलासह तिने हे लेणं दान दिलं.

मला हा लेख फार मोलाचा वाटतो. लेणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे राजे आणि सार्थवाह येतात. इथे मात्र एक कुणबीण आहे. धेनुकाकट नेमकं कुठे होतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कार्ल्याच्या लेण्यातही त्या गावच्या दानकर्त्यांची नावं पुन्हापुन्हा येतात, तेव्हा ते मोठं, पैसा खेळता असलेलं गाव असणार. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही शेतकरीण आणि खाली दिसणारा एक्सप्रेसवे, दोन्ही एकाच पायरीवर बसून पाहता येतात. वर जाऊन यायला दोन तास पुरतात. हिंजवडीत राहून जिने चढायची सवय मोडली असेल, तर अडीच धरा. पहिल्या सुटीला इथेच जा, कारण इथे जाण्यासाठी काही ठरवावं लागत नाही. सकाळी चहा घेतला आणि निघालं, इतकं ते सोपं आहे.

दुसऱ्या सुटीला बेडसे.

लोणावळ्याकडे जाणारी गर्दी कार्ला फाट्यावर उजवीकडे वळते. कार्ल्याला एकवीरा आई आहे; कोळी बांधवांची आणि कितीतरी घराण्यांची ती कुलदेवता, तेव्हा तिथली गर्दी ही त्या देवीची गर्दी आहे, तिला गर्दी म्हणून नावं ठेवायचा मला अधिकार वाटत नाही. भाज्याला पावसाळ्यात धबधब्यामुळे रीघ लागते. याच कुळातलं तिसरं लेणं, बेडसे, कामशेतच्या दक्षिणेला, पवनानगरच्या वाटेवर आत वळलं की लागतं. कामशेत स्टेशनापासून आठ-दहा किलोमीटर. देहूरोडला किंवा बेगडेवाडीला गाडी ठेवून लोकल पकडली, तर महामार्गाशी तुमचा काही संबंधच उरत नाही.

पायथ्याच्या गावातून साधारण चारशे पायऱ्या आहेत. वर पोचल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. कोरणाऱ्यांनी चैत्याच्या पुढ्यातला कातळ पूर्ण काढलाच नाही; मधून एक अरुंद बोळ तेवढी ठेवली. समोर काळा ओबडधोबड दगड, त्यात माणूस जाईल एवढी फट. त्या फटीतून चार पावलं आत गेलात की एकदम मान वर करावी लागते. ओसरीचे उंच खांब, त्यांच्या माथ्यावर उमललेल्या घंटेसारखी शिरं आणि त्यावर बसलेली जोडपी : कुणी घोड्यावर, कुणी हत्तीवर, कुणी बैलावर. हत्तीच्या कपाळाचा फुगवटा, घोड्याची मान, बायकांच्या हातातली कडी, सगळं अजून ठसठशीत आहे. लेण्याचं तोंड पूर्वेला, त्यामुळे ऊन थेट आत येतं ते सकाळीच. दुपारी गेलात तर हीच शिल्पं मुकी वाटतील. म्हणून बेडशाला जायचं तर उजाडताना घर सोडायचं. हा नियम मी कुणालाही मोडू देत नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याआधी तिथे एकच माणूस होता, शेळ्या घेऊन वर आलेला म्हातारा. मी खांबांचे फोटो काढत होते. तो म्हणाला, “बाई, आधी बसा. मग काढा.” बसले. बसल्यावर लक्षात आलं की आत पाय घासला तरी आवाज घुमतो, आणि पाकोळ्या कमानीतून येत-जात होत्या.

चैत्याच्या ओसरीत एक छोटा लेख आहे : नाशिकच्या आनंद शेठचा मुलगा पुष्यणक याचं हे दान. नाशिकचा व्यापारी बेडशाला दान का देतो? कारण ही लेणी मुळात वर्दळीच्या वाटेवर खोदलेली आहेत. कोकणातल्या बंदरांवरून घाट चढून देशावरच्या बाजारपेठांकडे जाणारे तांडे इथूनच जवळून जात. आज जिथून एक्सप्रेसवे आणि लोहमार्ग जातात, त्याच खिंडीचा हा शेजार. तुम्ही ज्या वाहतुकीत अडकलात, तिला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. पुष्यणक त्या वाटेवरचा माणूस.

जवळच पाण्याचं टाकं आहे. त्यावरचा लेख सांगतो की हे टाकं सामडिनिकेने दिलं. ती महाभोजाची मुलगी, स्वतः महारठिनी, आणि आपदेवणकाची पत्नी. एवढ्या मोठ्या घरातल्या बाईने वाटसरूंसाठी आणि भिक्खूंसाठी पाणी दिलं आणि दगडावर आपलं नाव ठेवलं. पाण्यासाठी कुठे जायचं असेलच, तर या टाक्याशी दोन मिनिटं थांबा.

आणि मग तो तिसरा लेख, ज्याच्यासाठी मी दर वर्षी तिथे जाते. बाजूला, उघड्यावर एक लहानसा स्तूप आहे. तो गोभूती नावाच्या भिक्खूच्या स्मरणार्थ त्याच्या असळमित नावाच्या शिष्याने करवला. गोभूतीची ओळख तीन शब्दांत दिली आहे : अरण्यात राहणारा, भिक्षेवर जगणारा, मारकूडावरचा. मारकूड हे या डोंगराचं तेव्हाचं नाव. खाली व्यापारी मार्ग वाहत होता, दाते येत होते, खांबांवर हत्ती-घोडे चढत होते, आणि त्या सगळ्यापासून जरा वर, झाडीत, हा माणूस राहत होता. तुम्ही मला विचारलेला प्रश्न त्याला पडला असेल का, कोण जाणे. त्याने उत्तर मात्र शोधलं होतं, आणि ते मुख्य रस्त्यापासून फार लांब नव्हतं.

भिक्खूंचा आणखी एक नियम इथे बसल्यावर आठवतो. वर्षावास. पावसाळ्याचे तीन महिने त्यांनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं. नुकती रुजलेली रोपं आणि बारीक जीव पायाखाली येऊ नयेत, म्हणून. ही विहारं बऱ्याच अंशी त्या मुक्कामासाठीच खोदली गेली. ज्या महिन्यांत ते मुद्दाम थांबत, त्याच महिन्यांत आपण सगळे त्याच डोंगरांवर धावत सुटतो. बेडशाचा विहार तर जरूर पाहा. इतर विहारांसारखा तो चौकोनी नाही, मागची भिंत गोल आणि छत कमानीसारखं, भोवती छोट्या खोल्या. त्यातल्या दगडी बाकावर बसून बाहेरचा पाऊस पाहता येतो. पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा चप्पल घालून जाऊ नका.

इथे एक दुःखाची नोंदही करायला हवी. या लेण्यात कधीकाळी गिलाव्यावर रंगवलेली चित्रं होती. एकोणिसाव्या शतकात कुणी बडे साहेब भेटीला येणार म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी लेणं घासूनपुसून काढलं आणि जुन्या रंगाचे उरलेसुरले तुकडे त्यात गेले, असं जुन्या नोंदी सांगतात. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पाहुण्यांसाठी जागा ‘नीट’ करण्याच्या भरात हे झालं. गर्दी आणि सोयी यांच्याविषयी आपण बोलतो तेव्हा मला ते चित्र नसलेलं छत दिसतं.

आता तुमच्या पत्रातला दुसरा भाग. मी छापलं तर गर्दी होईल का? हा प्रश्न मी स्वतःलाही बरेच दिवस विचारत होते. माझं मत असं झालं आहे की जागेची माहिती दिल्याने जागा बिघडत नाही. नुसता पत्ता आणि फोटो दिल्याने बिघडते. ज्याला सामडिनिका आणि गोभूती माहीत आहेत, तो माणूस त्या टाक्यात बाटली टाकणार नाही. ज्याने फक्त खांबासमोर उभं राहिलेल्या कुणाचा फोटो पाहिला आहे, तो तसाच फोटो काढून परत येईल, आणि त्याला ते लेणं कुठलं होतं हे पुढच्या आठवड्यात सांगता येणार नाही. शिवाय जिथे माणसं अजिबात जात नाहीत, तिथे लेण्यांत दारूच्या बाटल्या आणि खडूने लिहिलेली नावं जास्त सापडतात. चार सुजाण माणसांचं येणं-जाणं जागेला राखतं. म्हणून मी नावं देते. नकाशावरच्या खुणा मात्र देत नाही. गावात विचारा. विचारण्यातून ओळख होते, आणि आदल्या दिवशी निरोप दिला तर बऱ्याच गावांत पिठलं-भाकरी मिळते.

एक सूचना मात्र कळकळीची आहे. लेण्यांच्या आणि गडांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, सिगारेटचा धूर, आरडाओरडा, ड्रोनची घरघर, यांनी ती उठतात. अशा वेळी तुमच्याबरोबर पायथ्याच्या गावातली माणसंही भोगतात.

पश्चिमेची ही दोन ठिकाणं झाली. पण मला तुम्हाला खरं वळवायचं आहे ते उलट दिशेला. जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्या गाड्यांची तोंडं सह्याद्रीकडे असतात, त्या वेळी तुम्ही पूर्वेला जा. ताम्हिणीत वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बारामतीच्या बाजूला पाचशेच्या आसपास. एका जिल्ह्यात एवढा फरक! पण त्या पाचशे मिलिमीटरमध्ये माळरानाला जो रंग येतो, तो घाटातल्या गर्द हिरव्याहून वेगळा असतो. फिका, वाऱ्याने सतत हलणारा, मधे लाल माती दिसणारा. चिखल नाही, धुकं नाही, दूरवर नजर जाते आणि वर ढगांच्या सावल्या धावतात.

सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं, चिंकारांसाठी राखलेलं. मोरगावच्या मयूरेश्वराचं नाव त्याला दिलेलं. सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत आणि तिथून सुप्याकडे. तुमची दोन तासांची अट थोडी मोडेल, हे आधीच सांगते. चिंकारा म्हणजे आपल्याकडचं सडपातळ, तांबूस हरिण. पाण्यावाचून ते बरेच दिवस काढतं, पाल्यातून आणि दवातून मिळेल तेवढ्या ओलाव्यावर. सकाळी वाऱ्याच्या दिशेने बोलत चाललात तर एकही दिसणार नाही. गप्प उभे राहिलात तर दहा मिनिटांनी जाणवतं की समोरचं गवत तुमच्याकडे बघतंय. खोकड, तरस आणि लांडगेही या पट्ट्यात आहेत. धनगरांच्या मेंढ्यांमागे हिंडणारा लांडगा इथल्या माळाचा जुना रहिवासी आहे, आणि धनगर त्याच्याविषयी जे बोलतात त्यात राग असतो तशी ओळखही असते. पक्ष्यांत धाविक, चंडोल, तितर.

सरकारी दप्तरात माळरानाला पडीक जमीन म्हणायची जुनी सवय आहे. झाड नाही म्हणजे काही नाही, असा तो हिशेब. आपणही फिरायला निघताना तोच हिशेब करतो, म्हणून हे माळ ओस पडले आहेत. तिथे जाणारी माणसं वाढली, तर निदान या माळांवर खड्डे खणून झाडं लावायचा अट्टाहास कमी होईल. गवताची जागा गवतालाच राहू द्यायची असते.

प्रश्न : मुलाकडे हिंजवडीला राहते. गुडघ्यांमुळे डोंगर चढता येत नाही. मुलं कुठे निघाली की मी घरी. मला जमेल असं काही सांगाल का?
— एक आजी, मारुंजी

उत्तर : आजी, तुमच्यासाठी मोरगावच्या पुढचं लोणी भापकर. मुलांना सांगा, अष्टविनायकातल्या पहिल्या गणपतीला जायचं आहे. म्हणजे ती लगेच तयार होतील. मोरगावचं दर्शन झालं की आणखी पंधराएक किलोमीटर पुढे न्यायला सांगा.

लोणी भापकरला मल्लिकार्जुनाचं जुनं देऊळ आहे आणि त्याच्या पुढ्यात चौकोनी पुष्करणी. चारी बाजूंनी उतरत्या पायऱ्या आणि भिंतींत देवकोष्ठं. तुम्ही खाली उतरू नका, काठावर बसा; वरूनच ती जास्त चांगली दिसते. तिथेच यज्ञवराहाची मूर्ती आहे. वराह म्हणजे विष्णूचा अवतार, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण इथला वराह पूर्ण पशुरूपात आहे, चार पायांवर उभा, आणि त्याच्या अंगावरच्या झुलीवर ओळीने विष्णूच्या छोट्या छोट्या मूर्ती कोरल्या आहेत. नातवंडांना मोजायला लावा. आमच्या घरी दोन मुलांत त्यावरून भांडण झालं, आणि त्या भांडणापायी त्यांनी ती मूर्ती अर्धा तास निरखून पाहिली.

परतताना कऱ्हेच्या काठचं पांडेश्वर. पांडवांनी ते बांधलं असं गावात सांगतात. देऊळ विटांचं आहे, आणि आपल्याकडे जुनं विटांचं देऊळ उभं असणं ही विरळा गोष्ट. धाराशिव जिल्ह्यात तेरला तशी आहेत. दगडाच्या या मुलखात कुणीतरी नदीची माती भाजून देव बसवला. गाडी जवळपर्यंत जाते.

आणि एवढं लांब नको असेल त्या दिवशी तळेगाव दाभाडे. तिथे बनेश्वराच्या देवळाशी उमाबाई दाभाडे यांची समाधी आहे. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत मुलगा त्र्यंबकराव पडल्यावर दाभाड्यांच्या सेनापतिपदाचा कारभार या बाईने हातात घेतला. मराठ्यांच्या इतिहासात सेनापतिपद सांभाळलेली बाई म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. लोणावळ्याला जाणारी हजारो माणसं तळेगावच्या टोलनाक्यावर थांबतात, आणि समाधीपाशी मी गेले त्या प्रत्येक वेळी मी एकटीच होते.

प्रश्न : शिवनेरी आणि लेण्याद्री दोनदा पाहून झालं. जुन्नरला आणखी काही आहे का?

उत्तर : जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत, एवढी एका गावाभोवती भारतात दुसरीकडे नाहीत. शहराच्या पश्चिमेला तुळजा लेणी पाहा. तिथला चैत्य गोल आहे, मधल्या स्तूपाभोवती बारा साधे अष्टकोनी खांब, वर घुमटासारखं छत. असा घाट महाराष्ट्रात क्वचित दिसतो. शेजारच्या एका खोलीत तुळजादेवी आहे, तिच्यावरून लेण्यांना नाव. दुसऱ्या दिवशी मानमोडी डोंगर : तिथे क्षत्रप नहपानाच्या अमात्याचा, अयमाचा, ४६ व्या वर्षाचा लेख आहे. हिंजवडीहून चाकणमार्गे जाणार असाल तर शनिवारी पहाटे निघा आणि रात्री मुक्काम करा. एका दिवसात हे होत नाही.

प्रश्न : खुद्द हिंजवडीत पाहण्यासारखं काही आहे का? की आम्ही फक्त झोपायला आणि नोकरीला इथे राहतो?

उत्तर : हे चार ओळींचं पत्र मला सगळ्यात आवडलं, म्हणून शेवटी ठेवलं.

हिंजवडी आणि वाकड यांचं ग्रामदैवत म्हातोबा. आयटी पार्क यायच्या कितीतरी आधीपासून हे गाव आहे, आणि चैत्री पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीच्या दिवशी, म्हातोबाचं बगाड निघतं. मोठा लाकडी गाडा, त्यावर आडवा लांब खांब. ज्याला मान मिळतो तो गळकरी. त्याच्या पाठीला गळ टोचून त्याला बगाडावर चढवतात, आणि हजारो लोक ते हिंजवडीहून वाकडला नेतात. रस्ता तोच, ज्यावर तुम्ही रोज गाडीत बसून असता. त्या दिवशी तो रस्ता बगाडाचा असतो. भंडारा उधळतो, हलगी वाजते, आणि नोकरीनिमित्त लांब गेलेली घरची माणसं त्या दिवशी गावात परत येतात. गळ टोचण्याबद्दल तुमच्या मनात प्रश्न येतील, मलाही येतात. ते गावातल्या जुन्या माणसांना विचारा, मनातल्या मनात निकाल देऊ नका.

तिथे गर्दी असते, प्रचंड असते. पण ती बाहेरून आलेली नसते, त्या जागेचीच असते. पुढच्या चैत्री पौर्णिमेची रजा आत्ताच टाकून ठेवा, आणि दुपारी देवळाजवळच्या एखाद्या ओट्यावर जागा धरून बसा. शेजारी बसलेल्या माणसाला विचारा की तुमचं ऑफिस आहे तिथे आधी कुणाचं शेत होतं आणि त्यात काय पिकायचं. मी विचारलं होतं. मला सांगितलं, भात. आणि ओढ्याचं नावही सांगितलं.